बडोद्यात पक्षी ओळखायला कुठे शिकावे

दर वर्षी दिवाळी उलटली की मंडळाच्या सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो. मुलांना पक्षी दाखवायचे आहेत, कुठे जावे? पूर्वी आमचे उत्तर ठरलेले असायचे: वढवाणा. हिवाळ्यात तिथे हजारो पक्षी उतरतात, मग दुसरीकडे कशाला जायचे?

एका डिसेंबरात आम्ही बस करून चाळीस जण तिथे गेलोही. आजी-आजोबा, सुना, मुले आणि डब्यांच्या पिशव्या. पाण्यावर पक्षी खरोखरच हजारोंनी होते, पण लांबवर, चमकत्या पाण्यावर काळ्या ठिपक्यांसारखे. दुर्बिणी होत्या तीन. ज्याच्या हाती दुर्बीण यायची त्याला “ते बघ, तलवार बदक” असे सांगितले जायचे. तो “हो हो” म्हणायचा आणि दुर्बीण पुढच्याकडे द्यायचा. अर्ध्या तासात मुले बंधाऱ्यावर बसून ठेपले खाऊ लागली. परतताना एका नातवाने आजोबांना विचारले, “आजोबा, आपण नक्की काय पाहिले?” आजोबांना सांगता आले नाही. खरे म्हणजे आम्हालाही आले नसते.

त्यानंतर आम्ही क्रमच बदलला. वढवाण्याला सर्वांत शेवटी जायचे आणि सुरुवात घराच्या गच्चीपासून करायची. पक्षी ओळखायला शिकण्यासाठी पक्षी पुष्कळ असावे लागत नाहीत. तेच थोडे पक्षी पुन्हा पुन्हा आणि जवळून दिसावे लागतात. पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

आधी गच्ची, मग कमाटीबाग

पहिले दोन आठवडे कुठेही जाऊ नका. गच्चीवर किंवा गॅलरीत सकाळी पंधरा मिनिटे उभे राहा. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार हे चार पक्षी आकाराची मापे म्हणून डोळ्यांत बसवा. नवा पक्षी दिसला की रंग नंतर बघायचा. आधी विचारायचे, हा चिमणीएवढा की साळुंकीएवढा? साळुंकीहून मोठा पण कावळ्याहून लहान? मग चोच पाहायची: जाड, बारीक, वाकडी की लांब. मग शेपूट, ती सारखी हलवतो का, जमिनीवर चालतो की उड्या मारतो, कुठे बसतो. रंग शेवटी. उन्हात, सावलीत आणि पाठीमागून प्रकाश असताना एकच पक्षी तीन वेगळ्या रंगांचा दिसतो, आणि नवखा माणूस फसतो तो तिथेच.

बडोद्याच्या गच्चीवरून एक पक्षी सगळ्यांनाच दिसतो आणि तरी फार थोड्यांना नावाने माहीत असतो: काळा शराटी. खाली वळलेली लांब चोच, काळे अंग, डोक्यावर लाल टोपी आणि खांद्यावर पांढरा ठिपका. संध्याकाळी दोन-चारच्या गटाने मोठमोठ्याने ओरडत घरांवरून जातो. गुजरातीत याला काळी कांकणसार म्हणतात.

त्यानंतर कमाटीबाग, म्हणजेच सयाजीबाग. १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात विश्वामित्रीच्या काठावर घडवलेली ही बाग नवख्यांसाठी शहरातली सर्वांत चांगली शाळा आहे, असे आम्ही ठामपणे म्हणतो. कारण साधे आहे. इथे जुनी मोठी झाडे आहेत, हिरवळ आहे, शेजारी नदी आहे आणि रोज सकाळी शेकडो माणसे फिरत असल्यामुळे पक्षी माणसांना सरावले आहेत. दुसऱ्या ठिकाणी पन्नास पावलांवरून उडणारा पक्षी इथे दहा पावलांवर आपले काम करत राहतो. दुर्बिणीशिवायही भागते.

बागेत शिरल्यावर भराभर चालू नका. फळे धरलेला एखादा वड, पिंपळ किंवा उंबर शोधा आणि त्याच्याखाली अर्धा तास बसा. तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या, पोपट, सारे तिथे येतात. कोकिळेची जोडी दिसली तर मुलांना दोन्ही पक्षी दाखवा. काळा, लाल डोळ्यांचा तो नर, आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली ती मादी. हे दोन वेगळे पक्षी आहेत असे समजून आमच्या कित्येक सभासदांनी यादीत दोन नावे लिहिली आहेत. हिरवळीवर सातभाई आपल्या घोळक्यात पाला उलटत असतात. दयाळ शेपूट वर करून कुंपणावर बसतो. खोडावर सरळ वर चढणारा दिसला की सोनपाठी सुतार. फुललेल्या झाडावर शिंजीर.

साळुंक्यांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे पहिला खरा धडा मिळतो. बडोद्यात दोन साळुंक्या शेजारी शेजारी चरत असतात. एक आपली नेहमीची: तपकिरी, डोळ्याभोवती पिवळी कातडी. दुसरी बँक मैना: राखाडी, डोळ्याभोवती विटकरी-नारिंगी कातडी. वर्षानुवर्षे दोघींना आपण एकच समजत आलेलो असतो. एकदा फरक कळला की रेल्वे स्टेशनवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे तो दिसू लागतो. भांगपाडी मैनाही बागेत भेटते. डोक्यावर काळे केस तेल लावून मागे वळवल्यासारखे दिसतात, त्यामुळे ती एकदा पाहिली की विसरत नाही.

बागेतल्या प्राणिसंग्रहालयातले पिंजऱ्यातले पक्षी यादीत धरायचे नाहीत, हा आमचा नियम आहे. मुले त्यावर भांडतात. पिंजऱ्याच्या छतावर बाहेरून येऊन बसलेला बगळा चालतो.

एक गोष्ट गंमत म्हणून नाही, तर सावधगिरी म्हणून सांगतो. विश्वामित्रीत मगरी आहेत. पाणपक्षी बघायच्या नादात काठावर उतरू नका, मुलांना तर अजिबात उतरू देऊ नका. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्तीत आल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. नदीवरचे पक्षी पुलावरूनच पाहावेत. खंड्या, पाणकावळा, वंचक हे सारे वरून छान दिसतात. वंचक काठावर बसलेला असतो तेव्हा मातकट आणि जवळजवळ अदृश्य असतो. उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. मुलांना हा खेळ फार आवडतो.

नावे दोन्ही भाषांतली

कमाटीबागेतल्या तिसऱ्या रविवारी एक अनपेक्षित गोष्ट झाली. आमच्यातल्या एका आजींना दिसायला कमी आहे. झाडावरून टुक-टुक-टुक असा एकसुरी आवाज आला आणि त्या म्हणाल्या, “तांबट. तांब्याच्या भांड्यावर ठोकतोय.” शेजारी फिरायला आलेल्या एक गुजराती बेन थांबल्या आणि म्हणाल्या, “अमे एने कंसारो कहीए.” कंसारो म्हणजेच तांबट-कासार. दोन्ही भाषांनी त्या पक्ष्याला एकच धंदा दिला होता.

मग आम्ही अशा जोड्या जमवायला लागलो. पाने शिवून घरटे करणारा आपला शिंपी गुजरातीत दरजीडो. खोडावर चोच मारणारा आपला सुतार त्यांचा लक्कडखोद. टिटवी ती टिटोडी. पाण्यावर काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा घेऊन पोहणारा पक्षी मराठीत वारकरी आणि गुजरातीत भगतडुं. दोन्ही भाषांना त्यात भक्तच दिसला. काही ठिकाणी मात्र वाटा वेगळ्या होतात. सतत शेपूट हलवणाऱ्या थंडीतल्या पाहुण्याला आपण धोबी किंवा परीट म्हणतो, कारण ती शेपटी कपडे आपटल्यासारखी वरखाली होते. गुजरातीत तो दिवाळीघोडो, कारण तो दिवाळीच्या सुमारास येतो. हुदहुद हा गुजरातीत घंटीटांकणो, म्हणजे जात्याला टाकी लावणारा. त्याची चोच जमिनीत टोचताना पाहा, नाव पटेल. काळ्या, दुभंगल्या शेपटीच्या कोतवालाला ते काळोकोशी म्हणतात. वेडा राघू तो पतरंगो.

हा भाग आम्ही मुद्दाम लांबवला आहे. आपली मुले शाळेत इंग्रजी नावे शिकतात, मित्रांकडून थोडी गुजराती. मराठी नावे आजीकडे असतात आणि आजीबरोबरच जातात. पुस्तकातून ती मिळवायची तर मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ घरात असावा. वनखात्यात नोकरी करत रानात आयुष्य काढलेल्या या माणसाने पक्ष्यांची मराठी नावे जमवली. चित्रे आणि ओळखीच्या खुणा यांसाठी सलीम अली यांचे १९४१ पासून चालत आलेले ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ अजूनही उपयोगी आहे. पण वहीत नाव लिहिताना आम्ही मुलांना तिन्ही भाषांत लिहायला लावतो, आणि गुजराती नाव शेजाऱ्यांना विचारूनच आणायचे असते. त्या निमित्ताने सोसायटीत ओळखी वाढल्या हे वेगळेच.

तारांवरचे पक्षी

कमाटीबागेतले वीस-पंचवीस पक्षी न अडखळता सांगता येऊ लागले की शहराबाहेर पडा. पण अजून तलावाकडे नाही. डभोई किंवा वाघोडियाच्या दिशेने शेतांमधून जाणाऱ्या एखाद्या लहान रस्त्यावर गाडी बाजूला लावा आणि विजेच्या तारा पाहा. तारेवर बसलेला पक्षी उघड्यावर असतो, पानांत लपत नाही आणि बराच वेळ एका जागी बसतो. शिकायला याहून सोपे काय?

कोतवाल दर दहा खांबांना एक तरी असतो. वेडे राघू ओळीने बसतात आणि किडा पकडून पुन्हा त्याच जागी येतात. नीलकंठ बसलेला असताना मातकट-तपकिरी दिसतो, उडाला की पंखांत निळ्या रंगाचे दोन पट्टे उघडतात. पांढऱ्या-राखाडी अंगाची, लाल डोळ्यांची आणि एका जागी फडफडत हवेत थांबणारी दिसली तर ती कापशी. खांद्यावरचा काळा डाग पाहून घ्या. खाली नांगरटीत गायबगळे, शराटी आणि टिटव्या असतात. टिटवीच्या डोळ्यासमोर लाल कातडी दिसली तर ती नेहमीची. पिवळी असली आणि आजूबाजूला कोरडे माळरान असले तर माळटिटवी.

मध्य गुजरातेतली भातशेते सारसांसाठी प्रसिद्ध आहेत, विशेषतः खेडा-आणंदकडची. आपल्या जिल्ह्यातही नशीब असेल तर जोडी दिसते. माणसाच्या उंचीचा, राखाडी, लाल डोक्याचा पक्षी शेतात उभा असेल तर ओळखायला पुस्तक लागत नाही. गाडीतून उतरू नका, काच खाली करून तिथूनच पाहा. शेतात घरटे असेल तर त्याचा फोटो काढून जागा कुणालाही सांगू नका.

मग लहान तलाव

शहराच्या पूर्वेचा टिंबी तलाव हे पाणपक्षी शिकायचे पहिले ठिकाण. वढवाण्यापेक्षा जवळ आणि आवाक्यातला असल्यामुळे नवखा माणूस तिथे गोंधळत नाही. काठाच्या चिखलात शेकाट्या लाल काठ्यांसारख्या पायांवर उभा असतो. पाण्यावरच्या पानांवर कमळपक्षी चालतो. झाडीच्या कडेला जांभळी पाणकोंबडी. चित्रबलाक, चमचा आणि बगळ्यांचे तीन-चार आकार एका ओळीत उभे असले तर मुलांना फक्त चोचींची चित्रे काढायला सांगा. चमच्याची चोच पुढे पसरट, चित्रबलाकाची पिवळी आणि टोकाशी किंचित खाली वळलेली, शराटीची पूर्ण वाकडी. कोण काय खातो हे मग न सांगता कळते.

आजव्याचे सयाजी सरोवर हे शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले मोठे पाणी. सहलीला छान, शिकायला मध्यम, आणि मगरी तिथेही आहेत. शहरातल्या सूरसागरावर पाणकावळे आणि घारी यांपलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. आमच्या दांडिया बाजारच्या सभासदांना हे आवडणार नाही.

वढवाणा

आता वढवाण्याला जायला हरकत नाही. बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटरवर, डभोईजवळ, बडोदे संस्थानाने १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत गेला. क्षेत्र सुमारे ६३० हेक्टर. मध्य आशियाकडून भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गावर तो आहे आणि त्या मार्गाने येणाऱ्या ८० हून अधिक जाती इथे हिवाळा काढतात. सिंचनासाठी केलेले काम पक्ष्यांच्याही उपयोगी पडले. बडोदेकर म्हणून याचा अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

कधी जावे? ऑक्टोबरमध्ये जाऊ नका, असे आम्ही सांगतो. बदके तेव्हा येऊ लागलेली असतात, पण बऱ्याच जातींच्या नरांनी आपला रंगीत पिसारा टाकलेला असतो आणि ते माद्यांसारखेच मातकट दिसतात. जाणकारही तिथे चुकतात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत नर पुन्हा रंगात येतात. तेव्हा जा. सूर्योदयाला पोहोचा आणि बंधाऱ्यावर अशी जागा धरा की सूर्य पाठीशी राहील. आमच्या पहिल्या सहलीत आम्ही नऊ वाजता पोहोचलो होतो आणि सूर्य समोर होता. ठिपक्यांचे रहस्य एवढेच.

सगळा तलाव एकदम बघू नका. जवळचा एक लहान गट निवडा आणि त्यातली चार बदके पक्की करा. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले हळदीकुंकू. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार करावा असे नाव आहे हे. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक. फावड्यासारख्या रुंद चोचीचा थापट्या. आणि नारिंगी डोक्याची, लाल चोचीची मोठी लालसरी. हे बदक पश्चिम भारतात इतरत्र क्वचितच दिसते, वढवाण्यात मात्र दर हिवाळ्यात येते. चार पक्के झाले की वारकऱ्यांच्या काळ्या थव्यात वेगळे काही दिसते का ते शोधा.

मग हंस. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी तलावाजवळच्या शेतात चरताना दिसतो. त्याच्याबरोबर करड्या रंगाचा, गुलाबी चोचीचा कलहंसही असतो. मुलांना नकाशा दाखवायचा तो इथे, घरी नव्हे.

बरोबर काय न्यावे

दुर्बीण ८ × ४२ या मापाची घ्या. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. “वीसपट” अशी जाहिरात असलेल्या स्वस्त दुर्बिणी घेऊ नका, हात हलतो आणि काहीच दिसत नाही. मंडळाच्या दुर्बिणी सहलीसाठी मिळतात, पण चार माणसांत एक तरी असावी. वही-पेन्सिल हवीच. फोटो काढणाऱ्यांचा पक्षी कॅमेऱ्यात जातो आणि डोक्यात राहत नाही, असा आमचा अनुभव आहे. वाद घालायला तयार आहोत.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे मर्लिन हे ॲप मोफत आहे आणि आवाजावरून पक्षी सुचवते. मुलांना ते जादूसारखे वाटते. नियम एकच: आधी स्वतः नाव लिहायचे, मग ॲप उघडायचे. ॲपने सुचवलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत घेऊ नये. याद्या ई-बर्डवर टाकता येतात. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतीच्या पक्ष्यांची मोजणी होते, किमान पंधरा मिनिटे पाहून यादी द्यायची असते. गच्चीपासून सुरुवात केलेल्यांना ती अवघड जात नाही.

संक्रांतीचे दिवस सोडा. १४-१५ जानेवारीला आकाशात पतंग असतात आणि मांजा पक्ष्यांचे पंख कापतो. पक्षी सकाळी चरायला निघताना आणि संध्याकाळी परतताना सर्वांत जास्त सापडतात, तेवढा वेळ पतंग खाली ठेवा. जखमी पक्षी दिसला तर त्याला पाणी पाजू नका. खोक्यात, अंधारात ठेवा आणि १९६२ या प्राण्यांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. फोनवर “एक मोठा पक्षी आहे” याऐवजी “शराटी आहे, उजवा पंख कापला आहे” असे सांगता आले तर येणारा माणूस तयारीने येतो.

मार्चपर्यंत बहुतेक पाहुणे परततात. पण वही बंद करू नका. उन्हाळ्यात कमाटीबागेत तांबट दिवसभर ठोकत असतो. पावसाळा सुरू झाला की शेतातल्या विहिरींवर आणि बाभळींवर सुगरणीची घरटी लोंबू लागतात. नर तेव्हा डोक्यावर आणि छातीवर पिवळाधमक होतो. थंडीत मात्र नर-मादी दोघेही चिमणीसारखे मातकट असतात, आणि आमच्या जुन्या वह्यांत डिसेंबरात शेतात पाहिलेल्या “चिमण्यां”पैकी किती खऱ्या चिमण्या होत्या, हे आता आम्हीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.